फौजदार आणि सातवा मजला

आमच्या उरलेल्या शेतात भात पिवळं झालं की सकाळच्या हवेला कोरडा, गोडसर वास येतो. आज पहाटे खिडकी उघडली आणि तो आला. दिवसभर ऊन नुसतं भाजून काढतं, पण पहाटे पायाशी गोळा झालेली चादर वर ओढावीशी वाटते. घराच्या एका अंगाला हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, दुसऱ्या अंगाला उंच इमारत आणि मधे हा पिवळा तुकडा. आमच्या कोन गावात आता अशी शेतं फारशी राहिलेली नाहीत. आमचंही पूर्वी इमारतीच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत होतं. बाबांनी ते विकलं, त्यातून ताईचं लग्न झालं, माझं शिक्षण झालं, घरावर पक्कं छप्पर आलं. राहिलेल्या तुकड्यात ते अजून भात लावतात. हा वास आला, की मला ती एक दिवाळी आठवतेच.

दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो. "गावाला कधी निघणार?" न्हावा शेव्याच्या बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणारं आमचं ऑफिस कळंबोलीत, आणि तिथली माणसं सगळीकडची. कुणाची गाडी नांदेडची, कुणाची सांगलीची. माझी रजा मात्र सगळ्यांना गमतीची वाटते.

"नयना, तू रजा घेऊन कुठे जाणार?" फरीदा दरवर्षी विचारते.

"घरी."

"अगं, पण तू रोज घरीच जातेस ना?"

आता हिला कसं सांगायचं? रोज संध्याकाळी जाते ते घर वेगळं. तिथे मी जेवते आणि झोपते. रजेतलं घर वेगळं असतं. त्यात दुपार असते. अंगणात वाळत घातलेल्या पोह्यांवर चिमण्या उतरतात, आई त्यांना शिव्या घालते, विळ्याला धार लावताना बाबा तोंडाने हळूच काहीतरी गुणगुणतात, आणि मी हाक मारली की थांबतात. रोज त्याच घरात राहून मला हे काही दिसत नाही. आपल्याच गावाला जायला रजा काढावी लागते, यात विनोद आहे खरा, पण तो फरीदाला कळायला तिला भातकापणीला बोलवावं लागेल.

त्या वर्षी रजेच्या पहिल्याच दिवशी ऑफिसातून फोन आला. एक कंटेनर अडकला होता आणि कागद कुठल्या फायलीत आहेत ते मलाच ठाऊक होतं. माझे हात चिखलाने भरलेले, म्हणून टाइप न करता ऑफिसच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवला. "डाव्या कपाटात, निळी फाईल," एवढं म्हणाले आणि नेमका त्याच क्षणी मागच्या भिंतीवरून आमचा कोंबडा आरवला. साधासुधा नाही, छाती फुगवून, शेवटचा सूर लांबवत.

फाईल मिळाली का, ते कुणी सांगितलंच नाही. फरीदाचा उलट निरोप आला, "अल्ला! ये कौन साहब बोले?"

मी लिहिलं, "फौजदार."

झालं. तिथून सुरुवात झाली.

फौजदार हे नाव बाबांनी ठेवलेलं. तांबूस अंग, शेपटीत हिरवट काळा झुपका आणि चाल अशी, की आता कुणाची तरी झडती घेणार. कोंबड्या दाणे टिपत असल्या की तो मधे उभा राहून चौफेर बघायचा. स्वतः फार खायचा नाही. चांगला दाणा सापडला तर चोचीत धरून खाली टाकायचा आणि घशातल्या घशात कोंबड्यांना बोलवायचा. आई म्हणायची, "बग, घरच्या पुरुषांनी शिकावा जरा."

दुपारी ओटीवर पाय पसरून मी पहिली गोष्ट लिहिली, ती भावजींच्या गाडीची. आदल्या दिवाळीत ताई आणि भावजी नवीकोरी काळी गाडी घेऊन आले होते. दाराला अशी चकाकी, की त्यात बघून भांग पाडावा. फौजदाराने त्यात दुसरा फौजदार पाहिला. मग काय! उड्या, लाथा, चोचा. भावजी धावत येऊन त्याला हाकलत, तो बाजूला होई, भावजी चहाला बसले की पुन्हा दारावर टकटक. शेवटी आईने घरातली मोठी गोधडी काढून गाडीला पांघरली आणि जावयाची गाडी चार दिवस आमच्या अंगणात आजारी माणसासारखी गोधडीत पडून राहिली.

ऑफिस हसलं. "अजून," फरीदाने मागणी केली.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या स्कूटरची गोष्ट. फौजदाराला रात्री खुराड्यापेक्षा स्कूटरच्या मागच्या कॅरियरवर झोपायला आवडे. एकदा बाबा अंधारातच खत आणायला पनवेलला निघाले. रस्त्यात लोक बघून हसतायत, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आपण टोपी उलटी घातली असेल म्हणून त्यांनी ती सरळ केली. मार्केटात स्कूटर लावली, तेव्हा समोरच्या चिकनच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, कितीला द्यायचा?" बाबांनी वळून पाहिलं. फौजदार कॅरियरवर ताठ बसलेला, नजर दुकानातल्या पिंजऱ्यांवर. परत येईपर्यंत तो हलला नाही, आणि पुढचे दोन दिवस आरवलासुद्धा नाही. बाबांनी तेवढे दिवस त्याला तांदळाच्या कण्या जास्त घातल्या, बघायला नको ते बिचाऱ्याला बघायला लागलं म्हणून.

एकाची गोष्ट दुसऱ्याची गोष्ट ओढून आणते. फरीदाने तिच्या नानीची सांगितली. रोजे चालू होते. नानी पहाटेची सहरी करत होती, एक घास हातात होता. तेवढ्यात घरचा कोंबडा आरवला. पहाट झाली, आता खाणं बंद, म्हणून नानीने घास खाली ठेवला, पाणीसुद्धा न पिता चूळ भरली. मग कुणीतरी घड्याळ दाखवलं. अजून खूप वेळ होता. "झूठा कहीं का!" म्हणून नानी जी भडकली, की त्या दिवसापासून रमजानभर कोंबडा एका बसक्या टोपलीखाली. अजान झाल्याशिवाय टोपली उचलायची नाही.

आणि तिसऱ्या दिवशी श्रीरंग सर लिहिते झाले. श्रीरंग सर आमचे साहेब. पुण्याचे, शुद्ध शाकाहारी, बोलणं मोजकं. वाढदिवसाला केक कापतानाही त्यांच्या चेहऱ्यावर कस्टम्सची फाईल तपासत असल्याचा भाव असतो. त्यांचा निरोप भला मोठा होता. "प्रस्तुत विषयावर माझाही एक अनुभव आहे," अशी सुरुवात. लहानपणी ते मामाच्या गावी गेले होते. तिथल्या कोंबड्याला त्यांनी केवळ "शुक्" असे म्हटले. कोंबड्याने ते मनास लावून घेतले. मग सर पुढे, कोंबडा मागे, आणि सर पेंढ्याच्या उडवीवर. कोंबडा खाली येरझाऱ्या घालत राहिला आणि मामा रानातून परत येईपर्यंत सर वरच बसून होते. "त्या दुपारपासून मी कोंबड्यांशी आदराने वागत आलो आहे," असा शेवट.

मी हसून हसून ओटीवरून खाली घसरले. वर्षानुवर्षं शेजारच्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच अर्ध्या चड्डीत, गवताच्या ढिगावर, रडकुंडीला आलेला पाहत होते. आपण एकमेकांच्या सह्या ओळखतो, डब्यातली भाजी ओळखतो. माणूस कशाला घाबरून कुठे चढून बसला होता, ते कुठे ठाऊक असतं?

त्या आठवड्यात शेतात कापणी चालली होती. सकाळी आम्ही तिघं विळे घेऊन उतरायचो. ओलसर मुळांचा वास, हाताला कापणारी पात, पेंढ्या बांधताना कमरेला लागलेली कळ. फौजदार आपली फौज घेऊन आमच्या मागोमाग. सांडलेल्या दाण्यांची दिवाळी त्यांची आमच्याआधी सुरू व्हायची.

आणि अशाच एका सकाळी बांधावर इमारतीच्या कमिटीचे दोन गृहस्थ येऊन उभे राहिले. बूट घालून आलेले, त्यामुळे शेतात उतरेनात. बोलणं अगदी सभ्य. "काका, तुमचा कोंबडा पहाटे चारपासून ओरडतो. लोकांच्या तक्रारी आहेत. काहीतरी करा. नाहीतर आम्हाला पुढे कळवावं लागेल."

बाबांनी कमरेवर हात ठेवला, एकदा इमारतीकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग म्हणाले, "जमीन इकली आमी. पहाट नाय इकली."

गृहस्थ बूट जपत परत गेले. मला तेव्हा बाबांचा काय अभिमान वाटला! पण ते त्या दिवशी दुपारी नीट जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या जागंवर माजा बाप कापनी करीत होता. तवा बी कोंबरा आरवायचा. आता तोच परका झाला." थोड्या वेळाने स्वतःशीच, "आपनच दिली जागा. कोनाला बोलनार?"

त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही. संध्याकाळी ग्रुपवर मी त्या भेटीचीही गोष्ट केली, चांगली तिखटमीठ लावून. टॉवरवाल्यांना गाड्यांचे हॉर्न चालतात, रात्री बारापर्यंत गच्चीवरचा डीजे चालतो, फक्त कोंबडा चालत नाही. यांना पहाट हवी ती मोबाईलमधल्या गजराची. बाबांचं वाक्यही लिहिलं. पटापट हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लागल्या. "काकांना सलाम," असं सरांनीसुद्धा लिहिलं.

जरा वेळाने एक वेगळा निरोप आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. मीनलचा. मीनल आमच्यात येऊन थोडेच महिने झाले होते तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. आता परतली होती, पण घरूनच काम करायची. अमरावतीची आहे आणि पनवेलला कुठेतरी राहते, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. ग्रुपवर ती सगळं वाचायची, लिहायची काही नाही.

तिने लिहिलं होतं, "ताई, तुमच्या घराच्या मागे शेवग्याचं झाड आहे का? आणि निळी पाण्याची टाकी?"

मी मान वर करून पाहिलं. शेवगा होता. टाकी होती. त्यांच्यावर इमारतीचे मजले एकावर एक चढत गेले होते आणि खिडक्यांमधून दिवाळीचे कंदील लागले होते.

"मी सातव्या मजल्यावर राहते," पुढचा निरोप आला. "कमिटीला मीच सांगितलं होतं. मला खरंच माहीत नव्हतं."

मला कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. थोडा राग, आणि त्याहून जास्त शरम. अर्धं ऑफिस हसत होतं तेव्हा ही तिथे वर बसून ते वाचत होती. मी सरळ फोन लावला.

"मीनल, अगं..."

पलीकडून आधी बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग तिचा. "ताई, सॉरी. रेवा रात्रभर झोपतच नाही हो. दात येतायत तिचे. कशीबशी साडेतीनला डोळा लागतो आणि चारला तो... तुमचा फौजदार." नाव घेताना ती रडता रडता हसली. "हे बंदरात, रात्रपाळीला. आई अमरावतीला. मी एकटीच फेऱ्या मारते हॉलमध्ये. त्या दिवशी मला वाटलं, आता वेड लागेल मला."

आई शेजारीच कंदिलाची झिरमिळी चिकटवत होती. फोनवरचं सगळं तिने ऐकलं होतं, कारण आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. तिने खूण केली, काय झालं? मी फोनवर हात ठेवून दोन वाक्यांत सांगितलं.

"मंग तिला बोलव की," आई म्हणाली. "उद्या पाडवा हाय. लेकराला घेऊन ये म्हनावं. जेवायलाच ये."

"आई, तक्रार तिनेच केली."

"बालंतीन बाय ती, झोप नाय तिला. मी तर बंदूक घिऊन आली असती."

पाडव्याला मीनल आली. बारीक चणीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात मिठाईचा डबा आणि कडेवर रेवा. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी "या" म्हटलं, पण तोंड शेताकडेच ठेवलं. मीनल त्यांच्या पाया पडायला वाकली तसे ते जरा गडबडले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे पोरी," म्हणाले. दिवाळीच्या दिवशी एखाद्या घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती.

ती फौजदाराने मोडली. पाहुणे आले की झडती घ्यायची त्याची सवय. तो डौलात अंगणातून आला, पायरी चढला आणि मान वाकडी करून रेवाकडे बघू लागला. रेवाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा तुरा हलला. रेवा खुदकन हसली. त्याने दचकून मान मागे घेतली, तशी ती आणखी जोरात हसली. मग ते दोघं तेवढंच करत राहिले. तो मान पुढे काढी, मागे घेई, आणि ती पोट धरून हसावं तशी सगळ्या अंगाने हसे.

"ही अशी कधीच हसली नाही," मीनल म्हणाली आणि मटकन आईशेजारी बसली.

बाबांचं तोंड आता शेताकडे नव्हतं. ते रेवाकडे बघत होते. जेवताना त्यांनीच मीनलला विचारलं, "रातभर नाय झोपत ही?"

"नाही काका."

"आनी तू?"

आईने तिच्या ताटात आणखी एक घावन वाढला. फौजदार कुणाला देऊन टाकायचा, कापायचा, हे शब्द आमच्यात कुणाला उच्चारायचे नव्हते, आणि बाबांचा हट्ट मी ओळखून होते. मी नुसती फरीदाच्या नानीची गोष्ट सांगितली. सहरी, घास, "झूठा कहीं का", बसकी टोपली.

आई हसली. बाबा आधी हसले, मग विचारात पडले. "बरोबर हाय म्हातारीचा," ते म्हणाले. "मान वर काराया नाय मिलाली तं तो आरवल कसा?" जेवण होताच उठून त्यांनी माळ्यावरून जुनं बांबूचं डालगं काढलं, त्याची उंची फौजदाराच्या पाठीशी मापली, खालून हवा खेळती राहावी म्हणून दोन विटा ठेवून पाहिल्या. फौजदार शंकेने लांब उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती शांततेने. इतकी वर्षं त्या आवाजात झोपणारी मी, तो नाही म्हणून जागी झाले. बाहेर आले तर बाबा अंगणात डालग्याशेजारी पाटावर बसलेले. आतून घशातल्या घशात पुटपुट चालली होती, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखी. "जरा दम खा," बाबा त्याला समजावत होते. "पोर झोपलीय वरती." उजाडलं, इमारतीत दुधाच्या पिशव्या पोहोचल्या, मग त्यांनी डालगं उचललं. फौजदार बाहेर आला, त्याने पंख झाडले, भिंतीवर चढला आणि साचलेलं सगळं एका दमात आरवून टाकलं. सातव्या मजल्याच्या खिडकीत मीनल आली. तिने हात हलवला. बाबांनीही हलवला, आणि कुणी बघितलं का म्हणून मागे वळून पाहिलं.

रेवा उशिरापर्यंत झोपली होती. मीनलने ते ग्रुपवर लिहिलं, सगळी हकीकत, स्वतःच्या तक्रारीसकट. ग्रुपवरची ती तिची पहिलीच गोष्ट. श्रीरंग सरांनी उत्तर दिलं, "तोडगा उत्तम. कोंबड्यास माझा नमस्कार कळवावा."

रजा संपली. झोडलेलं भात कणगीत गेलं, पेंढ्याची उडवी रचली गेली. काही आठवड्यांनी मीनलला ऑफिसला यायला सांगितलं, तेव्हा रेवाला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. पाळणाघरं बघून ती उदास होऊन परतायची. आईने ते ऐकलं आणि एक दिवस स्वतःच लिफ्टने वर गेली. लिफ्टची तिला भीती वाटते, तरी गेली. "हितंच ठेव तिला," म्हणाली. "आमची दोगी मोठी झाली. घर रिकामा हाय."

तेव्हापासून रेवा दिवसभर आमच्याकडे. आमच्या अंगणात ती रांगली, चालली, शेवग्याखालच्या मातीत तिने घरं बांधली. फौजदार म्हातारा होऊन गेल्या पावसाळ्यात गेला. बाबांनी त्याला शेताच्या कडेला पुरलं. आता त्याचाच एक मुलगा भिंतीवर चढतो. आवाज बापाइतका नाही, चाल मात्र तीच.

यंदा दिवाळीला मीनलची आई अमरावतीहून आल्या. नातीला डोळे भरून बघायला. काल दुपारी आमच्या ओटीवर बसून त्या रेवाला भरवत होत्या. रेवा तोंड फिरवून म्हणाली, "मना नाय जेवाचा. मी खेलाला जाताव."

आजींचा हात तसाच वर राहिला. "वो माय! हे पोट्टी काय बोलून रायली?" त्यांनी मीनलकडे पाहिलं. मीनल तोंडावर पदर धरून हसत होती.

रेवा अंगणातून ओरडली, "आजी, तुला नाय समजाचा!"

"आमची भाषा बोलते," आई तांदूळ निवडत म्हणाली. तिच्या आवाजातला तोरा लपत नव्हता. "तुमाला बी येल. ऱ्हावा चार दिस."

आजींचं परतीचं तिकीट भाऊबीजेनंतरचं, म्हणजे आजचंच होतं. आज सकाळी त्या मला शेताच्या बांधावर भेटल्या, हातात आईचा विळा घेऊन. पेंढी कशी बांधायची ते बाबा त्यांना दाखवत होते आणि तिकिटाचं काय झालं, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती.